घराच्या पायाशी येणारे पाणी

दिल्लीच्या उत्तर भागात एक लांबट, खडकाळ टेकडी आहे. अरवली पर्वताच्या रांगेचे हे उत्तरेकडील टोक असून तेथील लोक त्यास 'रिज' या नावाने ओळखतात. टेकडीच्या माथ्यावरील एका भागास हिंदूराव असे नाव पडले आहे, आणि ते नाव एका मराठी सरदाराचे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू होत. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यानंतर त्याचा येथील बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजी सैन्याचे एक प्रमुख ठाणे याच बंगल्यात होते. आता तेथे महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे आणि जुन्या मालकाचे नाव त्यास चिकटून राहिले आहे.

या रुग्णालयाच्या आवारात एक जुनी बावडी आहे. ती चौदाव्या शतकातील, म्हणजे फिरोजशहा तुघलकाच्या काळातील समजली जाते. महाराष्ट्रात जिला पायऱ्यांची विहीर किंवा बारव म्हणतात, तोच हा प्रकार. टेकडीच्या माथ्यावर, कठीण क्वॉर्ट्झाइट खडकात विहीर खणावी आणि तिला पाणी लागावे, याचे प्रथम आश्चर्य वाटते. परंतु खडक कितीही कठीण असला तरी त्यास भेगा असतात. पावसाचे पाणी भेगांत शिरते, उताराच्या दिशेने सरकत जाते, आणि वाटेत खड्डा लागला की त्यात उतरते. खड्ड्यातील मोकळ्या जागेत पाण्यास कोणताच अडथळा नसतो. म्हणून चहूबाजूंचे पाणी तिकडे वळते.

घराचे तळघर हाही असाच एक खड्डा होय. बारव बांधणाऱ्यास पाणी हवे असते व तळघर बांधणाऱ्यास ते नको असते. पाण्याला मात्र हा भेद ठाऊक नसतो. शहरांत जमिनीचे मोल वाढले, तशी वाहने, वखारी, दुकाने, अभ्यासिका यांसाठी जमिनीखालची जागा वापरण्याची रीत पडली. त्याबरोबर पायाशी येणाऱ्या पाण्याचा प्रश्न पूर्वी विहिरी खणणाऱ्या कारागिरांपुरता होता, तो आता सामान्य गृहस्थापुढे येऊन उभा राहिला आहे.

पाण्याच्या चार वाटा

तळघरात पाणी आले असता पहिला प्रश्न विचारावयाचा तो 'ते कोठून आले?' हा. उपाय या उत्तरावर अवलंबून असतो. पाण्याच्या वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली वाट जमिनीवरून येणाऱ्या पाण्याची. छपरावरून पडलेले, अंगणात साचलेले किंवा रस्त्यावरून लोटलेले पाणी दारातून, जिन्यावरून, वाहनांच्या उतरणीवरून अथवा उजेडाच्या झरोक्यातून आत शिरते. हे पाणी वेगाने येते आणि थोड्या वेळात पुष्कळ येते.

दुसरी वाट झिरपणाऱ्या पाण्याची. पाया खणताना खड्डा गरजेपेक्षा रुंद घेतला जातो आणि भिंत उभी राहिल्यावर उरलेली जागा मातीने भरून काढतात. ही भरावाची माती मूळ जमिनीइतकी घट्ट कधीच बसत नाही. परिणामी घराच्या भोवती एक सच्छिद्र पट्टा तयार होतो, आणि पावसाचे पाणी त्यात साठून भिंतीस टेकून उभे राहते. पाऊस थांबल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी भिंतीतून पाझर फुटू लागला, तर ते पाणी बहुधा या वाटेचे असते.

तिसरी वाट भूजलाची. जमिनीत काही खोलीवर मातीची सर्व छिद्रे पाण्याने भरलेली असतात. या भरलेल्या भागाच्या वरच्या सीमेस भूजलपातळी म्हणतात. पावसाळ्यात ती वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. ती तळघराच्या फरशीच्या वर आली की पाणी फरशी आणि भिंत यांच्या सांध्यातून उमटू लागते. असे पाणी संथपणे येते. पण ते आठवडे, कधी महिने टिकते.

चौथी वाट सांडपाण्याच्या नळाची. रस्त्यातील गटार तुंबले की त्यातील पाणी घराच्या नळातून उलट वाहू लागते. तळघरातील मोरी ही घरातील सर्वांत खालची मोरी असल्यामुळे ते प्रथम तेथेच वर येते. वास आणि रंग यांवरून हे पाणी ओळखता येते.

याखेरीज भिंतीस जी ओल दिसते आणि पुढे लोणा लागून गिलाव्याचे पोपडे निघतात, तिचे कारण बहुधा केशाकर्षण हे असते. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे मातीच्या व विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते. जाड वाळूत ते काही सेंटिमीटरच चढते. बारीक गाळाच्या मातीत एक मीटरहून अधिक चढू शकते. ओल आणि पूर या दोन निराळ्या व्याधी असून त्यांवर एकच औषध चालत नाही.

दाबाचे गणित

पुष्कळांची समजूत अशी असते, की भिंत जाड केली आणि आतून एखादा जलरोधक लेप दिला म्हणजे काम झाले. ही समजूत किती अपुरी आहे हे थोड्या गणितावरून कळून येईल.

पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरावर एक टन, दोन मीटरांवर दोन टन, तीन मीटरांवर तीन टन, असे हे प्रमाण आहे. तीन मीटर उंचीच्या तळघराच्या भिंतीमागील माती जर वरपर्यंत पाण्याने भरली, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टन भार आडवा येतो. भिंत दहा मीटर लांब असेल तर एकूण भार पंचेचाळीस टन होतो, आणि यात मातीचा स्वतःचा रेटा धरलेलाच नाही.

फरशीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचे वजन दर चौरस मीटरास सुमारे ३६० किलोग्रॅम भरते. तेव्हा फरशीच्या खालच्या पृष्ठापासून पाणी अवघे ३६ सेंटिमीटर वर चढले, की पाण्याचा वर ढकलणारा दाब आणि फरशीचे वजन यांची बरोबरी होते. त्यापुढे फरशी तिच्या मजबुतीवरच टिकते. ती मजबुती नसेल तर ती मधोमध फुगते आणि तडकते. होडी ज्या तत्त्वाने तरंगते तेच तत्त्व येथेही लागू पडते. पाण्याने भरलेल्या जमिनीतील रिकामे तळघर ही एक प्रकारची होडीच होय.

लेप भिंतीच्या आतल्या बाजूस दिला असेल तर हा दाब त्यास भिंतीपासून सुटे करण्याचे काम करतो. तोच लेप बाहेरून दिला असेल तर दाब त्यास भिंतीवर घट्ट दाबून धरतो. म्हणून जलरोधक थर बाहेरून देण्याचा नियम आहे. तथापि उत्तम थरही दाब नाहीसा करीत नाही, केवळ तो सहन करतो. दाब मुळातच उत्पन्न होऊ नये असे वाटत असेल, तर पाणी भिंतीपाशी साचण्यापूर्वी त्यास दुसरीकडे जाण्याची सोपी वाट करून दिली पाहिजे. पायाच्या निचऱ्याचे सर्व शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

डार्सीचा नियम आणि फ्रेंच यांचा चर

पाणी मातीतून कोणत्या वेगाने जाते, याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली प्रसिद्ध केला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात त्याने वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी जाऊ देऊन मोजमापे घेतली होती. त्यास असे आढळले, की प्रवाह हा दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीतील फरकाच्या सम प्रमाणात आणि मधल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. तिसरी गोष्ट म्हणजे तो त्या पदार्थाच्या पार्यतेवर अवलंबून असतो. पार्यतेतील हा फरक कल्पनेपलीकडचा आहे. स्वच्छ खडीतून पाणी सेकंदास एक सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जाऊ शकते, तर तेवढ्याच चढउतारावर चिकणमातीतून जाण्यास त्यास लक्षावधी पट अधिक वेळ लागतो.

या फरकातच उपाय दडलेला आहे. भिंतीलगत खडीचा एक उभा पट्टा ठेवला, तर मातीतून आलेले पाणी भिंतीत शिरण्याऐवजी त्या पट्ट्यातून सरळ खाली उतरते, कारण तीच त्याची सर्वांत सोपी वाट असते. खाली उतरलेले पाणी नेण्यासाठी पायाच्या तळाशी एक नळी ठेवली की निचऱ्याची योजना पुरी होते.

खडीने भरलेल्या अशा चरास जगभर 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. या नावाचा फ्रान्स देशाशी संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे अमेरिकेतील एक वकील व न्यायाधीश होते. शेतीची त्यांना आवड होती. शेतातील पाण्याच्या निचऱ्यावर त्यांनी १८५९ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात या चराचे वर्णन केले. त्यावरून हे नाव रूढ झाले. शेतकऱ्याने पिकाच्या मुळांसाठी केलेला उपाय पुढे घराच्या पायाच्या कामी आला. महाराष्ट्रातील शेतकऱ्यासही चिबड जमिनीत चर खणून पाणी काढण्याची रीत परिचित आहे. तत्त्व तेच होय.

चर कसा असावा

नवे घर बांधताना चर पायाच्या बाहेरच्या कडेने, चारही बाजूंनी फिरवतात. नळीची पातळी तळघराच्या फरशीहून खाली असली पाहिजे. परंतु ती पायाच्या बुडाखाली खोल जाता कामा नये, कारण तसे केल्यास पायाखालची माती ढासळण्याचे भय असते. नळी छिद्रांची असते आणि तिची छिद्रे खालच्या बाजूस ठेवतात. हे प्रथम उलटे वाटते. पण पाणी चरात खालून वर चढत येते. छिद्रे खाली असली तर पातळी थोडी वर येताच ते नळीत शिरते आणि वाहून जाते. छिद्रे वर असतील तर पाणी नळीच्या माथ्यापर्यंत चढेपर्यंत निचरा सुरूच होत नाही. नळीस दर मीटरास सुमारे एक सेंटिमीटर उतार पुरतो. तो अखंड असावा, मध्ये कोठेही पोट पडता कामा नये. प्रत्येक कोपऱ्यावर नळी साफ करण्यासाठी झाकणाचे उभे तोंड ठेवावे.

अशा चराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बारीक माती. ती पाण्याबरोबर खडीत शिरते, पोकळ्या भरून टाकते, आणि काही वर्षांत चर निरुपयोगी होतो. यावरील उपाय कार्ल तेर्झागी या मृद्‌यांत्रिकीच्या आद्य संशोधकाने सांगितला. माती आणि खडी यांच्यामध्ये अशा आकाराच्या कणांचा थर हवा, की ज्याच्या पोकळ्यांत मातीचे जाड कण अडकून राहतील. जाड कण अडकले की त्यांच्यामागे बारीक कण आपोआप अडतात आणि पाणी तेवढे पुढे जाते. म्हणून पूर्वी मातीलगत वाळू, तिच्यामागे बारीक खडी, मग जाड खडी असे थर देत. आता जिओटेक्स्टाइल नावाचे कृत्रिम धाग्याचे कापड खडीभोवती गुंडाळले म्हणजे तेच काम होते. कापड गुंडाळावयाचे ते खडीच्या सबंध थरास. नुसत्या नळीस गुंडाळल्यास ते लवकर चोंदते.

पाणी न्यावयाचे कोठे

जमिनीस उतार असेल, जसा हिंदूरावाच्या टेकडीवर आहे, तर नळीचे दुसरे टोक उतारावर उघडे सोडता येते. तेथे पाणी स्वतःच्या वजनाने निघून जाते आणि यंत्राची गरज लागत नाही. सपाट जागी मात्र तळघराच्या एका कोपऱ्यात पाणी गोळा करण्याचा खड्डा घ्यावा लागतो व त्यात पंप बसवावा लागतो. पाणी ठराविक पातळीस चढले की तरंगत्या कळीने पंप आपोआप सुरू होतो. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जोराचा पाऊस आणि वीज जाणे या घटना बहुधा बरोबरच घडतात. ज्या तळघराचे कोरडेपण केवळ पंपावर अवलंबून आहे, त्यास दुसरा पंप व विजेची स्वतंत्र व्यवस्था असलीच पाहिजे.

पंपाच्या नळीवर आणि सांडपाण्याच्या नळावर एकमार्गी झडप बसवावी. ही झडप पाण्यास बाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. तिचे महत्त्व कळण्यासाठी दिल्ली शहराचेच उदाहरण घेता येईल. शहरातील नाले यमुनेस मिळतात. नदी चढली की तिचे पाणी नाल्यांतून उलट शहरात शिरू नये, म्हणून नाल्यांच्या मुखांशी नियंत्रक द्वारे बांधली आहेत. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोहमार्ग पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली. यापूर्वीचा उच्चांक १९७८ सालचा, २०७.४९ मीटर एवढा होता. या पुरात इंद्रप्रस्थाजवळील एका नाल्याचे नियंत्रक द्वार निकामी झाले आणि आयटीओ भागातील रस्ते पाण्याखाली गेले. शहराच्या बाबतीत जे द्वाराचे काम, ते घराच्या बाबतीत झडपेचे. ती वर्षातून एकदा उघडून साफ केली नाही, तर गरजेच्या वेळी मिटणार नाही.

आरंभ छपरापासून

चर आणि पंप यांची माहिती वाचून वाचकास असे वाटण्याचा संभव आहे, की सर्व उपाय जमिनीखालचेच आहेत. वास्तविक पायाशी येणारे बरेचसे पाणी जमिनीवरच वळविता येते आणि त्यास खर्चही कमी येतो.

२८ जून २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शंभर चौरस मीटरांच्या एका छपरावर एवढ्या पावसाचे पाणी साडेबावीस हजार लिटरांहून अधिक होते. छपराच्या पन्हळीचा नळ जर भिंतीलगतच्या मातीत सोडला असेल, तर हे सर्व पाणी घरमालकाने स्वतःच्या हाताने पायात ओतल्यासारखे होते. म्हणून पन्हळीचे पाणी नळाने दूर नेऊन सोडावे. पर्जन्यजल जमिनीत मुरविण्यासाठी खड्डा केला असेल तर तो उत्तमच. मात्र तो पायापासून आणि शेजाऱ्याच्या पायापासून पुरेशा अंतरावर असावा.

घराभोवतीच्या जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पहिल्या तीन मीटरांत पंधरा सेंटिमीटर उतरण असावी. जोत्याभोवती फरसबंदी करून तिच्या भेगा बुजवाव्यात. भराव दरवर्षी थोडा खचतो व उतार उलटा होतो, यास्तव पावसाळ्यापूर्वी तो तपासावा. तळघरात वाहने उतरण्याचा मार्ग असेल तर त्याच्या तोंडाशी रस्त्याहून उंच असा उंचवटा ठेवावा, म्हणजे रस्त्यावरचे पाणी प्रथम उंचवटा चढेल तेव्हाच आत येईल. जिन्याचे व झरोक्यांचे काठ याच पातळीपर्यंत उचलावेत. रस्त्यावर खडी-डांबराचे नवे थर पडत जातात आणि जुनी घरे सापेक्षतः खाली जातात, हेही ध्यानात ठेवावे.

जमीन जाणून घ्यावी

एकाच उपायाने सर्व जागी सारखेच फळ मिळत नाही, कारण जमीन निरनिराळी असते. दिल्लीत टेकडीवर फुटलेला क्वॉर्ट्झाइट आहे. पूर्वेस यमुनेकाठी वाळू व गाळ यांचे जाड थर असून तेथे भूजल उथळ आहे. दख्खनच्या पठारावर मुरमाखाली काळा कातळ लागतो. पावसाचे पाणी मुरमातून उतरते आणि कातळावरून आडवे सरकत येते. कातळात खणलेले तळघर म्हणजे त्याच्या वाटेवरचे आयते कुंड. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा पायास हलविते. कोकणचा जांभा छिद्रांचा असल्याने पाणी सहज आत घेतो.

जमिनीची पारख करूनच भूमिगत जागा कोरडी ठेवता येते, हे सांगलीजवळील हरिपूरच्या पेवांवरून दिसते. तेथील माती अशी आहे, की तीत खणलेल्या खोल पेवांत हळद दीर्घकाळ कोरडी राहत असे, आणि सांगलीच्या हळदबाजाराच्या भरभराटीत या पेवांचा वाटा मोठा होता. पेवाने पिढ्यान्‌पिढ्या पावसाला दाद दिली नाही. परंतु २००५ च्या कृष्णेच्या महापुरात पाणी वरून आले आणि अनेक पेवे निकामी झाली. झिरपणाऱ्या पाण्यावरचा उपाय पुराच्या पाण्यावर चालत नाही, हा त्यातला बोध.

जेथे भूजल सदैव उथळ असते तेथे चर आणि पंप यांवर भिस्त ठेवू नये. तेथे पंप अहोरात्र चालतो, भूजल खाली जाते आणि शेजारच्या इमारती खचण्याचा धोका उत्पन्न होतो. अशा जागी तळघर हे होडीप्रमाणे संपूर्ण जलाभेद्य आणि पुरेसे जड बांधावे, अथवा ते बांधूच नये. मातीचे कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळे जमिनीस बळ येते. छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला की कणांमधील पकड सैल होते, हे तत्त्व तेर्झागीने प्रस्थापित केले. १५ नोव्हेंबर २०१० रोजी पूर्व दिल्लीतील लक्ष्मीनगरच्या ललिता पार्क भागात एक बहुमजली इमारत कोसळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यमुनेपासून जवळच असलेल्या या इमारतीच्या तळघरात त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून पाणी साचलेले होते. तिच्यावर चढविलेल्या मजल्यांचा भारही होता. तळघरातील पाणी ही केवळ गैरसोय नव्हे. ते साऱ्या घराच्या पायावर परिणाम करते.

जुन्या घराची परीक्षा

बांधून झालेल्या घरात प्रथम पाण्याची वाट शोधावी. भिंतीच्या ओल्या भागावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. तुकड्याच्या भिंतीकडील बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतून येते; खोलीकडील बाजूस जमले तर ती हवेतील बाष्पाची असून वारा खेळता ठेवल्याने कमी होईल. पाझर पावसाबरोबर येतो की नंतर, तो कोणत्या उंचीवर दिसतो, नळाचे पाणी बंद ठेवले असता थांबतो का, याची एका पावसाळ्याची टिपणे ठेवावीत. बाहेरून खणणे शक्य नसल्यास फरशीच्या कडेने आतून चर घेऊन तो पंपाच्या खड्ड्यास जोडता येतो. अशा चराने भिंत ओली राहिली तरी दाब कमी होतो. भिंत आत झुकलेली असेल किंवा आडवी चीर गेली असेल, तर अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून काहीही करू नये.

पुराने भरलेले तळघर घाईने उपसणे हेही धोक्याचे असते. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आतील पाणी काढले, तर भिंतीस आधार राहत नाही व ती आत कोसळू शकते. बाहेरचे पाणी ओसरू लागल्यावर दिवसास सुमारे एक फूट या बेताने उपसावे, आणि वीजपुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत कोणीही आत पाऊल ठेवू नये.

माणसे आधी

२७ जुलै २०२४ च्या सायंकाळी दिल्लीच्या जुन्या राजिंदरनगरात, म्हणजे हिंदूरावापासून काही किलोमीटरांवर, जोराचा पाऊस होऊन रस्ता पाण्याखाली गेला. तेथील एका शिकवणीवर्गाच्या तळघरात वाचनालय होते आणि विद्यार्थी अभ्यास करीत बसले होते. रस्त्यावरचे पाणी लोंढ्याने आत शिरले आणि तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या तळघरास परवानगी होती ती वाहने व सामान ठेवण्यासाठी, माणसे बसविण्यासाठी नव्हे.

अशा वेळी काय घडते हे पुन्हा गणितानेच कळते. एक मीटर रुंदीच्या दारामागे अर्धा मीटर पाणी साचले, तर दारावर सुमारे १२५ किलोग्रॅम भार येतो; एक मीटर साचले तर ५०० किलोग्रॅम. पाण्याची उंची दुप्पट होताच भार चौपट होतो. पाण्याकडे उघडणारे दार त्यानंतर माणसाच्या बळाने उघडत नाही. जिन्यावरून लोंढा उतरत असेल तर वर चढताही येत नाही. यास्तव तळघरात माणसांचा वावर असावयाचा असल्यास परस्परांपासून दूर असे दोन मार्ग हवेत. त्यांतील एक तरी थेट उघड्यावर जाणारा हवा. दारे विजेवाचून उघडणारी असावीत. विजेचा फलक तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवावा. रस्त्यावर पाणी चढू लागताच तळघर रिकामे करण्याचा नियम लेखी असावा व तो सर्वांस ठाऊक असावा. शाळा व सार्वजनिक ग्रंथालये यांनी तर हा नियम भिंतीवर लावण्यास हरकत नाही. कारण ग्रंथसंग्रह आणि वाचक यांना तळघरात जागा देण्याचा मोह त्यांनाही होतो.

मे महिन्यात एखाद्या रविवारी घरमालकाने किंवा संस्थेच्या व्यवस्थापकाने क्रमाने पुढील गोष्टी पाहाव्यात: पन्हळी व त्यांचे नळ, जोत्याभोवतीचा उतार, उतरणीच्या तोंडाचा उंचवटा, चराची झाकणे, एकमार्गी झडप, दोन्ही पंप, आणि शेवटी बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटा. या सर्वांस अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही. पाणी आपली वाट शोधणारच. ती वाट घरातून जावी की घराबाहेरून, एवढे ठरविणे माणसाच्या हाती असते, आणि ते पहिला पाऊस पडण्यापूर्वीच ठरवावे लागते.